व्होल्टेज कमी

साईनाथने महिनाभर खपून गेमिंग लॅपटॉपच्या प्रोसेसरचं व्होल्टेज कमी केलेलं. एकदम नाही, चिमूट चिमूट. जरा जास्त उतरवलं की लॅपटॉप बंद पडायचा, मग परत पहिल्यापासून. पण शहाण्णव डिग्रीवर तापणारं डबडं शेवटी अठ्ठ्याहत्तरवर आलं. गेम एकदम मक्खन.

रविवारी ठाण्यात टुर्नामेंटची सेमी फायनल. त्याआधी फक्त पंख्यातली धूळ काढायला लॅपटॉप डोंबिवली स्टेशनजवळच्या दुकानात टाकलेला. साईनाथ ड्युटीवर, म्हणून बाबा देऊन आलेले. रविवारी सकाळी तो उचलला आणि तसंच ठाणं गाठलं.

दहाव्या मिनिटाला सत्त्याण्णव डिग्री. स्क्रीन अडकायला लागली आणि त्याच्यापायी अख्खी टीम बाहेर.

सोमवारी तो दुकानात घुसला तोच कानशिलं तापवून. "धूळ काढायला दिलेला ना? सेटिंग कोणाला विचारून उडवलीस? महिनाभर मी काय झक मारत होतो?"

"आवाज खाली," दुकानदार म्हणाला. "मी मनाने काय करत नाय. लिहून दिलं तेवढंच केलं." आणि त्याने फॉर्म काढून काउंटरवर आपटला.

तक्रारीच्या रकान्यात बाबांचं अक्षर होतं.


"पंखा साफ करावा. तसेच मुलगा मित्रांना फोनवर सांगत असतो की व्होल्टेज कमी आहे. आम्हाला बिचारा बोलत नाही. कृपया पूर्ण करून द्यावे."