चौथं नाव

"तुमच्याकडं परदेशातून आणलेले तीन डॉक्टर आहेत की. माझं काय काम?" ओसरीवर शेंगा सोलत पांचाळकाकांनी विचारलं.

संशोधन संस्थेच्या संचालिका सुनेत्राबाई ओशाळल्या. विज्ञानात देशाचं नाव व्हावं म्हणून त्यांनी नामांकित माणसं गोळा केली होती. पण प्रयोगाची काचनळी दरवेळी तडकत होती, आणि ती फुंकून घडवणारा एकमेव कारागीर दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच सहीनं निवृत्त झाला होता.

"पगार तुम्ही सांगाल तो," त्या म्हणाल्या.

"पगार नको. तीस वर्षं नळ्या मी केल्या, नावं तुमची छापून आली. या वेळी शोधनिबंधावर माझंही हवं."

तसा नियम नव्हता. बाईंनी क्षणभर विचार केला आणि त्याही शेंगा सोलायला बसल्या. "चौथं चालेल?"

काकांच्या नळीला तडा गेला नाही. प्रयोग जमला, निबंध जगभर वाचला गेला. छापील अंक घेऊन बाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. काकांनी चष्मा पुसून आपलं नाव तीनदा वाचलं.

"स्पेलिंग चुकलंय," ते शांतपणे म्हणाले. "आता दुसरा शोध लावावा लागणार. सोमवारी येतो."