धरणाचं पाणी सुटलं

भर वैशाखात नदी चढू लागली होती. पलीकडच्या काठाच्या उभ्या मातीत खंड्याचं बीळ होतं आणि आत पिल्लांची चिरचिर चालली होती. त्यांचे फोटो काढायला शकुंतला देवरे आठवडाभर समोरच्या झुडपाआड बसत होती. आज तिने कॅमेरा बाजूला ठेवून धरणावरच्या कर्मचाऱ्याला फोन लावला.

"भाऊ, दोन दिवस पाणी थांबवता येईल का? इथे बिळात पिल्लं आहेत, उडायला आलीत."

"मॅडम, खालच्या गावांच्या विहिरी आटल्यात. लोक नदीकडे डोळे लावून बसलेत. त्यांना काय सांगू, आधी खंड्याची पिल्लं उडू द्या म्हणून?"

तो चिडला नव्हता. त्याने फोनही लगेच ठेवला नाही. शेवटी शकुंतलानेच ठेवला.

ती तशीच पाण्यात उतरली. मध्ये डोह होता आणि तिला पोहता येत नव्हतं. छातीपर्यंत पाणी आल्यावर ती मागे फिरली. तिच्या डोळ्यांदेखत पाणी बिळात शिरलं. चिरचिर थांबली.

थोड्या वेळाने खंड्या मासा घेऊन आला. बिळाच्या जागी पाण्यावर फडफडला, फांदीवर बसला, पुन्हा गेला, पुन्हा परतला. पिल्लांना भरवायचं म्हणून त्याने माशाचं डोकं चोचीबाहेर ठेवलं होतं.

बऱ्याच वेळाने त्याने मासा चोचीतच उलटा फिरवला आणि स्वतः गिळला.