पहिलटकरीण

“गेलेल्या लेकराचं नाव काढू नये गं, येणारं बिथरतं,” चार वर्षांपूर्वी सासूबाई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून गिरिजाच्या लेकीचं नाव घरात कुणी काढलं नाही. नवऱ्यानंही नाही. यंदा नव्या गावातल्या शेजारणींनी चोरओटी भरली, तीसुद्धा पहिलटकरीण म्हणूनच.

आज ती एकटीच सोनोग्राफीच्या टेबलावर पडली होती. पडद्यावर चिंचोक्याएवढं बाळाचं काळीज लुकलुकत होतं.

“कूस काही बदलत नाही, रुसलंय माझ्यावर,” डॉक्टरबाई हसल्या. “पण हृदयाचे चार कप्पे दिसले, तेवढं पुरे. घरात कुणाला हृदयाचा आजार नाही, असं तूच लिहून दिलंयस. तसं काही असतं, तर तुला थांबवून बारीक तपासणी केली असती. पहिलंच ना हे?”

“हो,” ती सवयीनं म्हणाली.

तिनं पोटावरचं गार जेल पुसलं, पदर सारखा केला, चपला घातल्या. बाहेर पुढच्या बाईला हाक गेली. गिरिजा दाराशी अडखळली. एका लेकराचं तोंड दाबून आपण दुसऱ्याला अंगाई म्हणतोय, असं तिला वाटलं. ती मागं फिरली.

“बाई, मी खोटं लिहिलं. हे दुसरं आहे. पहिली माझी कृष्णाई, एकोणीस दिवसांची होऊन गेली. दूध ओढताना ओठ निळे पडायचे तिचे.”