आरोपीची भूमिका

"मी बदमाश दिसतो का गं?" आरशासमोर टायची गाठ सैल करत त्यांनी बायकोला विचारलं.

"नेहमीसारखेच दिसताय," इस्त्रीवरून नजर न उचलता ती म्हणाली. "पण अहो, निघालात कुठे?"

"आरोपी व्हायला!"

वनस्पतिशास्त्राचे हे विभागप्रमुख वर्गात शेवाळसुद्धा स्वगत म्हटल्यासारखं शिकवत, म्हणून मुलं त्यांना पाठीमागे रंगराव म्हणत. त्यांच्या विद्यापीठात एक पद्धत होती. लैंगिक गैरवर्तनाच्या आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारी समिती दरवर्षी एक तालीम घेई. खोटी तक्रार, खोटी सुनावणी. खरी वेळ आली तर कुणाची त्रेधा उडू नये, एवढाच हेतू. एखादी विद्यार्थिनी तक्रारदार होई, एखादा प्राध्यापक आरोपी. गेल्या वर्षी गणिताच्या प्रमुखांनी आरोपी असा काही वठवला, की लोक अजून त्यांना जिन्यात थांबवून शाबासकी देत. रंगरावांच्या पोटात दुखत होतं ते तेव्हापासून.

यंदाची तालीम आजच होती, आणि सकाळीच समितीच्या सचिवबाईंचा फोन आला होता.

"सर, आठवण करून द्यायला फोन केला. आज दुपारी तुम्हाला आरोपी म्हणून..."

"आठवण कसली? मी तर वाटच बघतोय!" म्हणून त्यांनी फोन ठेवलासुद्धा. रंगरावांपुढे कुणाचं वाक्य पुरं झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

समितीच्या खोलीत लांबलचक टेबलामागे तिघं बसली होती. मध्ये कायदा शिकवणाऱ्या अध्यक्षबाई, एका बाजूला ग्रंथपाल, दुसऱ्या बाजूला दवाखान्याचे डॉक्टर. कोपऱ्यात सचिवबाई टंकायला सज्ज. आणि समोर रंगरावांच्याच विभागातली एक संशोधक मुलगी हातातल्या रुमालाचा पार बोळा करत बसलेली.

'वा! आत्तापासूनच भूमिकेत शिरलीय,' रंगराव मनात म्हणाले.

"सर, सुरुवातीलाच स्पष्ट करते," अध्यक्षबाई म्हणाल्या, "ही सुनावणी..."

"नियम पाठ आहेत मला, बाई. पडदा वर जाऊ द्या."

बाई चक्रावल्या. "सोबत कुणाला आणायचा तुम्हाला हक्क आहे, त्यामुळे..."

"मी एकटा बास आहे!"

मुलगी बोलू लागली. आवाज जेमतेम टेबलापर्यंत पोचत होता.

"मोठ्यानं, बाळ," रंगराव म्हणाले. "शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे."

मुलीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं, आणि खरोखरच आवाज चढवला.

"सरांनी मला संध्याकाळी घरी बोलावलं. प्रबंधावर बोलू म्हणाले. बायको गावाला गेलीय, हेही सांगितलं. मी गेले नाही. दुसऱ्याच दिवशी डोंगरातल्या अभ्यासदौऱ्यातून माझं नाव गेलं. तिथले नमुने मिळाले नाहीत तर माझी सगळी मेहनत पाण्यात जाईल. आणि दौरा सोमवारी निघतोय."

रंगराव क्षणभर चपापले. बेट्यांनी संहिता लिहिताना विभागातली कुजबुजच उचलली होती की! मग त्यांना गालातल्या गालात हसू आलं. लेखक कुणी का असेना, माल अस्सल होता. गणितवाल्यानं नुसतं 'नाही, नाही' करून टाळ्या घेतल्या होत्या. रंगरावांनी ठरवलं, आपण कबुली द्यायची. खरी रंगत कबुलीत!

ते उठले. एक हात कोटाच्या खिशात गेला.

"हो, बोलावलं! बायको घरी नव्हती म्हणूनच बोलावलं! प्रयोगशाळेत ही माझ्यापासून लांब सरकायची, की मी जवळ सरकायचो. आणि ही काय पहिली आहे? हिच्याआधीच्या दोघी तर प्रबंध अर्धा टाकून गेल्या!"

डॉक्टरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"सर, जरा विचार करून..." अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मध्ये बोलू नका हो, लय तुटते! गुण? गुण हिचेच सगळ्यांत जास्त! दौऱ्यातली जागा हिचीच होती, मी काढून घेतली. आणि दिली कुणाला? ज्याला देवदार कुठला आणि कोबी कुठला हे कळत नाही, त्या ठोंब्याला! का? तर तो मुलगा आहे. मुलींनी घरात बसून फुलं सुकवावीत!"

सचिवबाईंची बोटं कळफलकावर सुसाट धावत होती. रंगराव सुखावले.

"हे सगळं तुम्हाला मान्य आहे?" अध्यक्षबाईंनी शब्द तोलून विचारलं.

"अक्षरन् अक्षर!"

सचिवबाईंनी जबाब वाचून दाखवला. रंगरावांनी डोळे मिटून ऐकला आणि एकाच ठिकाणी हरकत घेतली. "'सरकायचो' नको. 'मुद्दाम सरकायचो' करा. वजन येतं." मग त्यांनी खाली लपेटदार सही ठोकली.

"आणि हिच्या जागेचं काय?" ग्रंथपालांनी विचारलं.

"देऊन टाका परत! खलनायक शेवटी हरलाच पाहिजे."

"दिली," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सोमवारी तू निघ गं. बाकीचं आम्ही बघतो."

रंगरावांनी कमरेत वाकून अभिवादन केलं. टाळ्या काही पडल्या नाहीत. मुलगी मात्र डोळे पुसता पुसता हसत होती. पोरगी मुरलेली नटी आहे, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. तिला तसं सांगायला ते तोंड उघडणार, तोच दारावर टकटक झाली.

भुवया काळ्याभोर रंगवलेले संगीताचे प्राध्यापक आत डोकावले.

"माफ करा हं, अध्यक्षबाई. इथली खरी सुनावणी आटोपली असेल तर चला ना पलीकडे. तालमीला सगळे खोळंबलेत, आणि यंदाचा आरोपी मी आहे."