हात न लावता

विनताने पंखा बंद केला. जबलपूरचा मे महिना, त्यात कॉलेजची कोंदट प्रयोगशाळा. बापलेक घामानं निथळत होते. पण पंख्याचा जरासा हादराही भिंतीवरचा लेझरचा लाल ठिपका हलवायला पुरला असता.

हवा काढून घेतलेल्या काचेच्या घुमटाखाली तांब्याच्या दोन चकत्या होत्या, एक पक्की बसवलेली, एक बारीक तारेला टांगलेली; तिच्यावरून परतलेला किरणच भिंतीवर तो ठिपका पाडत होता. घमापूरच्या घरी ओट्यावर बसून तिच्या बाबांनी, नीलकंठरावांनी, त्या चार महिने घासल्या होत्या. फॅक्टरीत चौतीस वर्षं हेच काम. मोतीबिंदूनं डोळे अंधुक झाले, तरी बोट फिरवलं की धातूवर कुठे उंचवटा राहिलाय ते त्यांना कळायचं.

मागच्या जोडीवर मात्र त्यांनी देताना तेलाचं बोट फिरवलं होतं, गंज चढू नये म्हणून. सवय ती सवय. त्या तेलाच्या थरानं विनताची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. म्हणून ही जोडी त्यांनी चिमट्यानं उचलून दिली. स्वतःचं काम शेवटी बोटानं न तपासता देण्याची ही पहिलीच वेळ. आपला हात गेला तर नाही, या धास्तीनं त्यांना रात्री झोप लागली नव्हती.

विनता बाहेरून स्क्रू फिरवत चकत्या जवळ आणत होती. फट केसाच्या शंभराव्या भागाहूनही बारीक झाली. ठिपका सरकला.

"बाबा! चकती ओढली जाऊन राहिली."

"चुंबक असन."

"तांब्याला कुठलं चुंबक?"

"मंग करंट?"

"दोन्ही तारेनं जोडून चार्ज सारखा केला नं मी. मधात हवा बी नाही. काहीच नाही."

"अन् मंग ओढून कोण राहिलं?"

"कोणीच नाही." विनताची नजर ठिपक्यावरच होती. "रिकामी जागा कधी शांत नसते, बाबा. थरथरत राहते. एवढ्याशा फटीत ती थरथर पुरती मावत नाही. बाहेर जास्त असते, ती ढकलते. चकती जराशी वाकडी असती, तर केव्हाच टेकली असती."

चौतीस वर्षं नीलकंठराव अशाच फटी बुजवत आले होते. तिथे काही असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

सगळे आकडे लिहून झाल्यावर विनताने आत हवा सोडली आणि घुमट उचलला.

"झालं, बाबा. आता लावा हात."

त्यांनी बोट पुढे केलं. तांब्याच्या अगदी वर ते थांबलं, आणि मागे आलं.

"राहू दे. ज्याले हात लावून पाहाचं होतं, त्या रिकाम्या जागेनं पाहिलं."