चिमीचा पायजमा

दहा महिन्यांची चिमी अजून रांगत नव्हती. बसवावं तिथेच हसत बसे. आईच्या जिवाला घोर लागला होता. पण चटईवरून न हलताही तिच्या पावलं झाकणाऱ्या होजिअरीच्या पायजम्याचे गुडघे रोज विरत.

"कापड ताणू नकोस गं, नागमोडी टाका घाल," सासूबाई म्हणत. "आणि रांगेल की सवडीने. तिचा बाप अजून कुठे वेळेवर उठतो?"

आई हसून मशीनवर बसे. ठिगळ लावताना तिला वाटे, कुठे का असेना, पोर रांगते आहे.

आज मात्र गुडघे धड होते. म्हणजे आज पोर रांगलीच नाही?

चटईवर चिमी टाळ्या पिटत होती. आईने घाबऱ्याघाबऱ्या तिचा पायजमा काढून पालथा केला, आणि तिला हसूच फुटलं.

पायजम्याचे दोन्ही तळवे चालून चालून विरले होते.