मागची सीट

"हॉर्न वाजवायचा असेल तर आधी स्टिअरिंग डावीकडे वळवावं लागतं," मालकाच्या बायकोने सांगितलं. "सरळ रस्त्यावर वाजत नाही."

गाडी बघायला आलेल्या दातांच्या डॉक्टरने मान डोलावली. त्याचा चेहरा उतरायला हवा होता. तो उजळला.

मालक फाटकापाशी उभा होता. भर वर्गात आपल्या मुलाचं प्रगतिपुस्तक वाचलं जावं, तसा.

गाडी दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची. तरुणपणी ती शर्यतीच्या गाड्यांची धाकटी बहीण म्हणून मिरवली होती. आता तिची किंमत भंगाराच्या जरा वर आणि नव्या स्कूटरच्या जरा खाली होती, म्हणून तर ती मालकाला परवडली. बॉनेटवरचा लाल रंग गुलाबी झाला होता. बटण दाबलं की पुढचे दिवे बॉनेटमधून वर यायचे. त्यातला उजवा मागाहून, विचार करून. त्यामुळे गाडी येणाऱ्याजाणाऱ्याला डोळा मारते असं वाटायचं. गल्लीने तिचं नाव 'डोळेमारी' ठेवलं होतं आणि मालकाला त्याचाही अभिमान होता. दुभत्या गायीच्या लाथा गोड म्हणतात. ही गाय दूध देत नव्हती. लाथा मात्र गोडच होत्या.

"पावसात कशी आहे?" डॉक्टरने विचारलं.

"आत छत्री ठेवलीय," बायको म्हणाली. "बाहेर उतरलं की मिटायची."

"किती सोसलंय बिचारीने," पायऱ्यांच्या वर खुर्ची टाकून बसलेली ताई बायकोकडे बघत म्हणाली.

ताई मालकाची थोरली बहीण. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि उरलेली शिस्त घेऊन भावाकडे राहायला आली. चहात साखर किती, टीव्ही कधी बंद, नवरा-बायकोच्या भांडणात चूक कोणाची, हे सगळं ती सांगायची. घरातलं एकही दार तिला लावलेलं चालत नसे. हवा खेळती राहिली पाहिजे. गाडी विकायचं तिनेच ठरवलं होतं. त्याऐवजी सात जणांची घ्यायची, म्हणजे सगळ्यांना एकत्र जाता येईल. सगळे म्हणजे तिघंच.

"तुझ्या बायकोच्या पाठीचा तरी विचार कर," ती म्हणाली होती. "रोज त्या गाडीच्या नावाने कण्हते ती."

बायको खरंच कण्हायची. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई ती, एरवी मोजून-मापून बोलणारी. पण ताईसमोर गाडीचा विषय निघाला की तिचं मोजमाप सुटायचं. रविवारी सकाळी दोघं टेकडीपर्यंत जाऊन यायचे. वाटेत ती खूप बोलायची. मालक इंजिनाचा आवाज ऐकायचा. घरी परतली की ती दारातच कमरेवर हात ठेवायची आणि म्हणायची, "भंगार आहे नुसती." पुढच्या रविवारी मालकाच्या आधी तयार असायची. मालकाच्या हे कधी ध्यानात आलं नाही. असल्या गाडीच्या प्रेमात पडलेल्या माणसाला शेजारच्या सीटवरचं फारसं दिसत नाही.

"आणि मागची सीट?" डॉक्टरने विचारलं.

"ती नावापुरती," बायको पटकन म्हणाली. "पुढची सीट वाकल्याशिवाय मागे जाताच येत नाही. आणि ती जाम आहे."

"मेकॅनिक म्हणतो, पार्ट मिळत नाही," मालक ओशाळून म्हणाला. त्याच्या मेकॅनिकला हे गाडी बघण्याआधीच कळायचं.

"राहू द्या हो," बायको म्हणाली. "मागे बसणार कोण?"

पण डॉक्टर गुडघ्यांवर बसला होता. त्याने खिशातून बारीक टॉर्च काढला. ज्याचा दिवस दुसऱ्यांच्या तोंडात जातो, त्याला काही अडकलेलं दिसलं की राहवत नाही. त्याने सीटखाली दोन बोटं घातली. हलवलं, पिरगाळलं, ओढलं.

"दुखणार नाही," तो सवयीने पुटपुटला.

खट्. पुढची सीट अदबीने वाकली. मागे दिसली लाल कापडाची सीट, कारखान्यातून आली तशी कोरी.

"अगंबाई," ताई खुर्चीतून उठली. "इथे तर मी मावते. मग विकायची कशाला? रविवारी मीही येत जाईन तुमच्याबरोबर."

डॉक्टरची पाठ ताईकडे होती. त्याने काढलेली वस्तू मालकाच्या तळहातावर ठेवली. अंबाड्याला लावायचा स्टीलचा आकडा. केसांतून पडून अडकला असेल, असं मालकाला क्षणभर वाटलं. मग त्याने नीट पाहिलं. दोन्ही टोकं पकडीने काटकोनात वळवलेली होती, खाचेत बरोबर बसतील अशी. काम मोजून-मापून केलेलं होतं.

त्याने बायकोकडे पाहिलं. तिच्या अंबाड्यात तसलेच आकडे होते. ती टायरकडे बघत होती.

टेकडीच्या वाटेवर ती हसायची, हे मालकाला आत्ता आठवलं. घरात ती तशी हसत नसे. घरात हवा फार खेळती होती.

"माफ करा, डॉक्टर," तो म्हणाला. "गाडी विकायची नाही."

"शहाणा आहे माझा भाऊ," ताई म्हणाली आणि मागे बसून बघायला पायऱ्या उतरू लागली.

मालक गाडीत वाकला. त्याने सीट मागे ढकलून सरळ केली. काही पडलंय की काय ते शोधावं, तसा त्याचा हात सीटखाली बराच वेळ चाचपडत राहिला. तो उभा राहिला तेव्हा दोन्ही हात ग्रीसने काळे झाले होते, आणि रिकामे होते. त्याने ताईदेखत सीट ओढून पाहिली. सीट ढिम्म हलली नाही.

डॉक्टरने टॉर्च विझवून खिशात ठेवला. पेशंटचं गुपित बाहेर बोलायचं नसतं.

"ताई," मालक म्हणाला, "परत जाम झाली गं."

ताई शेवटच्या पायरीवर थांबली. बायकोने कमरेवर हात ठेवला.

"मी कधीची सांगतेय," ती म्हणाली, "भंगार आहे नुसती."